चार पुरुष खोल : एका रहस्यकथेच्या नोंदी

१४ एप्रिल २०२५, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे बंद. हळदीच्या ऐन हंगामात मोकळा दिवस मिळाला म्हणून दुपारी ताणून द्यायचं ठरवलं होतं, पण काल रात्रीच संपादकांचा फोन येऊन गेला. दिवाळी अंकाला रहस्यकथा हवी. चार हजार शब्द, ३१ जुलैच्या आत. "यंदा भूत नको, भुतं फार झालीत. खून द्या," म्हणाले. वाण्याकडे पाव किलो शेंगदाणे मागावेत तसं. एप्रिलमध्ये दिवाळी कसली, असं घरी येणारे-जाणारे विचारतात. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमच्यासारख्यांची दिवाळी उन्हाळ्यातच सुरू होते.

खून कुठं करायचा ते डोक्यात आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचं पेव. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं पोट. कडेनं आणि तळाला पाला-कडबा लावून हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. आत वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांचं कामच संपलं. आता माल गोदामात नाहीतर शीतगृहात जातो. पण दुकानातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पेव अजून येतं, आणि आलं की सगळे आवाज खाली आणतात.

बंद खोलीतला खून हा रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा जुना हट्ट. इथं खोलीच जमिनीत आहे. दार एकच, तेही आभाळाकडं.

शोध लावणारा माझा नेहमीचाच, दिवाणजी. आडत दुकानात चाळीस वर्षं कीर्द-खतावणी, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लिहून डोळे अधू झालेला म्हातारा. पिस्तूल नाही, शिष्य नाही. भिंग आहे, तेही आकडे लागावेत म्हणून. मी स्वतः हळदीच्या दुकानात दिवसभर टॅलीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबात, हेच करते, त्यामुळे त्याचा स्वभाव शोधायला लांब जावं लागलं नाही.

१७ एप्रिल

पहिला आराखडा. मेलेला माणूस हमाल. मारणारा पेवमालकाचा पुतण्या. पुतण्यानं पेवातल्या मालावर आडत्याकडून उचल घेतलीय आणि माल मागच्या मागं विकून टाकलाय. पेव उघडलं की पोत्यांचा आकडा उघडा पडणार. हमालाला तो आधीच कळलाय.

पुराव्यासाठी रुमालाखालचा सौदा घेतला होता. जुन्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आमच्या पुतण्याला करंगळी नाही, त्यामुळे एका सौद्यात आकडा चुकतो, आणि तो चुकलेला आकडा दिवाणजींना कीर्दीत सापडतो. दोन दिवस मी या करंगळीवर खूश होते.

रात्री आईंना सांगितलं. आई म्हणजे सासूबाई. आमच्या घरातलं रहस्यकथेचं हायकोर्ट. दूरदर्शनच्या काळापासून गुन्ह्याची एकही मालिका त्यांनी सोडलेली नाही, आणि आता नातीनं मोबाइलवर लावून दिली की जपानी खूनसुद्धा खालची अक्षरं न वाचता बघतात. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बोट तुटकं म्हटलंस की संपलंच की गं. तुटक्या बोटाचा माणूस गोष्टीत उगंच कोण घालतंय?"

करंगळी परत जोडली.

२७ एप्रिल, रविवार

हरिपूरला जाऊन आले. दुकानातल्या एका हमालाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांनी तरुणपणी पेवं भरलीत आणि काढलीत. संगमेश्वराच्या देवळाकडं, जिथं वारणा कृष्णेला मिळते, तिथं पायरीवर बसून बोललो. खोली किती असायची विचारलं तर फूट नाही सांगितले. "चार पुरुष. काही साडेचार." एकावर एक चार माणसं उभी केली की एवढं. कथेचं नाव तिथंच मिळालं.

दुसरा आराखडा त्यांच्यापुढं ठेवला. बंद पेवात हळद नि पाला श्वास घेत राहतात, आतली चांगली हवा संपते, जड हवा तळाशी बसते. म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा. विझला तर उतरायचं नाही. माझा पुतण्या काय करतो, तर कंदील अर्ध्यावरच थांबवतो. वरच्या हवेत ज्योत जळत राहते, हमाल बघतो, उतरतो, तळाला जाऊन संपतो. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

तात्या हसायलाच लागले. "कंदिलाची दोरी हमालाच्या हातात असतीया, पोरी. मालकाच्या न्हाई. जीव कुणाचा जाणार हाय?"

काय बोलणार. दोन आठवड्यांचं काम एका वाक्यात गेलं.

मग त्यांनी नीट सांगितलं. पेव उघडलं की लगेच कुणी वाकूनसुद्धा बघत नाही. निदान अर्धा दिवस, जमलं तर एक दिवस-रात्र तोंड उघडं ठेवायचं. मग कंदील. मग कमरेला दोर बांधून एकजण. वर दुसरा, आणि त्या वरच्याला सक्त ताकीद, की खालचा बसला तरी तू उतरायचं नाहीस. "खालचा मटकन बसतो. हाक माराय दम राहत न्हाई. वरच्याला वाटतं घेरी आली, पाणी पाजावं. त्यो उतरतो. झाले दोन." हे सांगून तात्या बराच वेळ नदीकडं बघत बसले. नावगाव मी विचारलं नाही. माझ्या गोष्टीला ते लागत नाही, आणि लागलं असतं तरी घेतलं नसतं.

उठताना विचारलं, हमाल मग फसेल तरी कसा? तात्या म्हणाले, "काल सकाळीच उघडून ठेवलंय म्हटलं, आन् घाई असली, तर कंदील न सोडताबी उतरंल. इस्वास ठेवूनच काम चालतंय."

परतताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ सिग्नलला थांबले तेव्हा कथा जागेवर बसली. खुनाचं हत्यार म्हणजे ते वाक्यच. 'काल सकाळीच उघडून ठेवलंय.' खोटं एवढंच. बाकी काही करायलाच नको. आता पेव कालच्या सकाळी नाही, आजच्या सकाळी उघडलं गेलं, हे दिवाणजींनी सिद्ध करायचं. कसं?

२ मे

कसं ते अजून कळलेलं नाही. महिनाअखेरचे हिशेब, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब नि पैसे), तोलाई-हमालीच्या बेरजा. ११० शब्द लिहिले, ९० खोडले.

दुकानातल्या एकानं सुचवलं, मगर घाला. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरपासून इकडं सगळ्यांनी बघितल्यात, दर उन्हाळ्यात पेपरात फोटो येतो. पण गोष्टीत मगर आली की वाचणारा म्हणतो, काहीही हां. खऱ्याची ही अडचण मला दर कथेला येते.

११ मे, रविवार

सापडलं. बादलीत.

आमच्या धंद्यात कपडे पिवळे होणं काही विशेष नाही. कीबोर्ड पिवळा, कॅल्क्युलेटर पिवळा, सुट्टे पैसे पिवळे. काल सौद्याच्या ठिकाणी पोत्याला घासून गेले आणि पांढऱ्या कुर्त्याची बाही गेली. सकाळी आईंनी तो साबणाच्या पाण्यात टाकला. लेक मोरीत गेली आणि किंचाळली, "आई, रक्त!"

बादलीत लालभडक डाग.

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "रक्त कसलं, हळद आहे ती. साबण लागला की लाल होती. कुंकू कशाचं करायचे मग पूर्वी?" आणि पुढं, जणू काही फारसं नाही अशा सुरात, "पिळून गच्चीवर टाक. चांगलं ऊन लागलं की डाग आपोआप उडतो."

मी ओल्या हातानं वही घेऊन मोरीच्या दारात उभी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्याच्या आधीची वीस-बावीस. हे दोन्ही मला माहीत होतं. सांगलीत कुठल्या बाईला माहीत नाही? तरी कधी कथेत घालावंसं सुचलं नाही, कारण धुणं म्हणजे काय विषय आहे का!

जुन्या धोतराचे चार तुकडे फाडले. चारही हळदीत बुडवून वाळवले. एक गच्चीवर कडक उन्हात. एक कपाटात. एक साबणाच्या पाण्यात तसाच ठेवला. एक साबण लावून चांगला खळबळून काढला. उद्या-परवा बघू.

१३ मे

कपाटातला होता तसाच, पिवळाजर्द. उन्हातला पहिल्याच संध्याकाळी फिका पडला होता आणि आज शोधावा लागतोय. साबणातला लाल, कडेनं तपकिरी. चौथ्यानं मात्र घोळ केला. भरपूर पाण्यानं खळबळला तेव्हा लाल गेलं आणि पिवळा परत आला. म्हणजे माझ्या फौजदारानं कपडा बादलीत असतानाच बघायला हवा, दांडीवर नाही. प्रवेश बदलला.

लेकीनं शास्त्र सांगितलं. हळद हा दर्शक आहे, अल्क लागला की लाल, शाळेत प्रयोग असतो. आणि रंग देणारं जे कर्क्युमिन, ते उजेडात मोडतं. "तू आठवीत होतीस तेव्हा नव्हतं का हे?" असेल. आठवीत मी पाठ्यपुस्तकात रहस्यकथा लपवून वाचत होते.

तर आता रचना अशी. सकाळी हमाल मेलेला सापडतो. फौजदार येतो, मुकादमाच्या घरी बादलीत लाल पंचा बघतो, मुकादमाचं नि हमालाचं भांडण झालेलं असतंच, त्याला धरतो. अंगावर जखम नाही मग रक्त कुठलं, हा प्रश्न त्याला छळतो पण तो मागे हटत नाही. तिकडं पुतण्याच्या माडीवर धोतर वाळत पडलंय, पिवळ्या डागांचं. तो सरळ सांगतो, काल सकाळी पेव उघडलं तेव्हा लागले, तेव्हाच नदीवर धुतलं, कालपासून उन्हात आहे. कुणालाच त्यात वावगं दिसत नाही, कारण हळदीच्या माणसाचं धोतर पिवळं असायचंच. दिवाणजी भिंग काढतात. चैत्राच्या उन्हात दिवसभर पडलेला डाग एवढा पिवळा?

आईंना सांगितलं. मला एकच धास्ती होती. "हे तर सगळ्या बायकांना आधीच कळणार की."

"मग कळू दे की. फौजदाराला कळत न्हाई आणि मला कळतंय, हीच तर मजा आहे. नाहीतर मी बघते कशाला ते सगळं?"

यावर रात्री बराच वेळ जागी होते. रहस्यकथा लिहिणारा सहसा वाचकाला मागं ठेवायला बघतो. माझा निम्मा वाचकवर्ग मोरीत उभा राहून फौजदाराच्या पुढं जाईल आणि उरलेला निम्मा त्याच्याबरोबर चाचपडेल. एका घरात एकच अंक दोघं वाचतात. जेवताना भांडण होईल. होऊ दे.

मात्र उन्हाचा डाग शेवटपर्यंत लपवायचा. पहिला डाग ओळखल्याच्या आनंदात दुसरा निसटला पाहिजे.

२१ मे

काल जयंत नारळीकर गेले. ८६ वर्षांचे होते. जन्म कोल्हापूरचा, म्हणून इकडच्या लोकांना ते आपलेच वाटायचे. दुकानात सुद्धा बोलणं निघालं, आणि हळदीच्या पोत्यांमध्ये उभं राहून चार माणसं विश्व कसं सुरू झालं यावर बोलली.

मला ते आठवतात ते १९७४ मधल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेमुळं. तोवर जगभर नाव झालेलं. ते बघून बक्षीस मिळायला नको म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी, ना. वि. ज. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा माणूस टोपणनाव घेतो ते परीक्षकांनी उगाच मोठं मानू नये म्हणून.

मी आद्याक्षरं लावते ती अगदी वेगळ्या कारणानं. पहिल्या दोन कथा पूर्ण नावानं पाठवल्या होत्या, तेव्हा 'कौटुंबिक काही असेल तर पाठवा' असं उत्तर आलं. तिसरी नुसत्या आद्याक्षरांनी गेली आणि छापून आली. संपादक वेगळे होते, कथाही कदाचित बरी असेल. पण मग बदललं नाही.

२६ मे

मे महिन्यात एवढा पाऊस. छत्र्या माळ्यावर, कपडे घरात दोऱ्यांवर. प्रयोग पंधरा दिवस उशिरा केला असता तर कथाच झाली नसती.

१५ जून, रविवार

१६०० शब्द झालेत आणि आज निम्मे दुरुस्तीत गेले. कथा १९५६ च्या चैत्रात घडते. बिनधास्त लिहीत सुटले होते आणि मागं वळून वाचलं तर चुकांचं पेवच फुटलेलं.

एक, 'सांगली जिल्हा पोलीस'. १९५६ मध्ये सांगली जिल्हा नाव कुठलं! १९४९ ला संस्थानं विलीन होऊन जो जिल्हा झाला तो दक्षिण सातारा. सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. दोन, हमालाची मजुरी 'नव्या पैशांत' दिली होती. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. वर्षभर आधी चालवले. आता आणे. तीन, पोत्याचं वजन किलोत. मण-शेर करून घेतलं. चौथी चूक सगळ्यात लाजिरवाणी. दिवाणजी पेनानं लिहितात आणि खिशाला शाई लागते, इथवर ठीक, पण मी त्यांना बॉलपेन दिलं होतं. टाक-दौत दिली परत.

या असल्या कामात मला लिहिण्यापेक्षा जास्त मजा येते हे कुणाला सांगू नये. खतावणी जुळवण्यासारखंच आहे. कुठंतरी चार आणे चुकलेत, रात्री दीडला सापडतात, आणि झोप छान लागते.

२९ जून, रविवार

लिहिलं काही नाही. दिवसभर बघितलं.

दुपारी लेकीबरोबर कोरियन मालिकेचे तीन भाग. प्रत्येक भाग असल्या जागी तोडतात की उठावंसं वाटत नाही. लेकीला वाटतं हे तिच्या पिढीनं शोधलं. तिला म्हटलं, 'चांदोबा'तला वेताळ काय करायचा? गोष्ट सांगायची, प्रश्न टाकायचा, राजानं तोंड उघडलं की परत झाडावर. पुढचा महिना येईपर्यंत राजा चालतोय. तिनं फक्त 'हं' म्हटलं आणि पुढचा भाग लावला. पण राजा दर वेळी बरोबर उत्तर देतो आणि उत्तर दिलं म्हणूनच प्रेत हातचं जातं, ही रचना मी आजवर कुठल्या कोरियन मालिकेत बघितलेली नाही.

संध्याकाळी भावे नाट्यगृहावरून आले. १८४३ मध्ये इथल्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. भाषणांत सगळं गंभीर असतं. पण त्या जुन्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत, नाचत यायचे, इतके की लोक त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणू लागले. पोरं आयांच्या पदरात तोंड लपवत असणार आणि तरी दुसऱ्या दिवशी परत येत असणार. भयकथेला नाक मुरडणाऱ्या इथल्या एका साहित्यिक गृहस्थांना मी हे एकदा सांगितलं होतं. त्यांनी विषय हवामानाकडं नेला.

माझे वडील बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. हजारावर रहस्यकथा त्या माणसानं लिहिल्या. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. वडील वाचनालयातून त्या भाड्यानं आणायचे, बंद पडायला आलेल्या वाचनालयातून काही विकतही घेतल्या. एक ट्रंक भरली होती. त्यांच्यामागं ती मी गावभागातल्या घरी आणली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही माणसं, गॅस सिलिंडर, टीव्ही आणि आईंची औषधं वर नेली. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर पुस्तकं नव्हतीच, एक राखाडी ठोकळा होता. फावड्यानं काढला. मुखपृष्ठांचा लाल रंग तेवढा ट्रंकेच्या पत्र्याला चिकटून राहिला, अजून आहे. त्यात आता आम्ही दिवाळीचे कंदील ठेवतो.

१३ जुलै, रविवार

३१०० शब्द. पण आधी थोडी आदळआपट.

एका ऑडिओ कंपनीनं मागच्या वर्षी माझ्या दोन भयकथा घेतल्या. वाचून छान रेकॉर्ड केल्या, माझ्याच कथेला मी दचकले. पैसे मात्र 'प्रक्रियेत' आहेत. अकरा महिने. आज सातवा मेल पाठवला. माझ्या दुकानात शेतकऱ्याची पट्टी अशी अकरा महिने ठेवली तर तो पोत्यासकट येऊन दारात बसेल. मी कशावर बसू? लेखकाकडं पोतं नसतं.

दिवाणजींना कथेत एक वाक्य दिलं, 'उधारीची नोंद नसली तरी उधारी असते.' नंतर काढलं. राग माझा होता, त्यांचा नव्हे.

२७ जुलै, रविवार

संपली. ४९२० शब्द. म्हणजे संपली नाही, नऊशे शब्द मारायचेत.

पहिला बळी हरिपूरचा. नदी, संगम, देऊळ, चिंचा, असं दीड पान रंगवलं होतं. चार ओळी ठेवल्या. दुसरा बळी दिवाणजींच्या बायकोचा, ती अतिशय गोड होती आणि काहीच करत नव्हती. मग एकदम सुचलं, पंचा लाल का झाला हे फौजदाराला तिनंच सांगावं. दिवाणजींनी नाही. ती चहा घेऊन बाहेर येते, पुराव्याचा कपडा बघते आणि विचारते, "साबण कुणी लावला ह्याला?" एवढंच. आत जाते. तीनशे शब्दांचं स्पष्टीकरण एका प्रश्नात उडालं. बाई वाचली.

उन्हाचा डाग दिवाणजींकडंच ठेवला. तो त्यांना कसा कळतो? जुन्या वह्यांवरून. खिडकीपाशी ठेवलेल्या खतावणीवर पडलेली हळदीची बोटं उडालेली असतात, कपाटातल्या खतावणीवर तशीच राहतात. त्यांना धुण्यातलं काही कळत नाही, आणि बायकोला वह्यांमधलं. हे ठरवून केलं नव्हतं, पण झालं.

तात्यांना फोन करून शेवटचा प्रसंग वाचून दाखवला. मधे एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "वरच्या माणसानं दोर सोडला न्हाई हे लिहिलंस ते बरं केलंस." मी तसं काही लिहिलं नव्हतं. फोन ठेवून लिहिलं.

३० जुलै

पाठवली. ४०४० शब्द. चाळीसाला संपादक काही म्हणणार नाहीत.

२० ऑगस्ट

कृष्णा चढतेय. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट, दुसरं बोलणं नाही. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतात. लोक पुलाकडं पाणी बघायला चाललेत, भेळ-भडंगवाले त्यांच्या मागं. आपण भीतीलासुद्धा जत्रेसारखं बघायला जातो. माझा धंदाच त्यावर आहे, तेव्हा बोलत नाही.

या वेळी पहिल्यांदा वह्या माळ्यावर नेल्या. आईंनी विचारलं, "टीव्ही?" म्हटलं, नंतर.

१२ ऑक्टोबर, रविवार

अंक आला. पान ८७. आद्याक्षरांच्या आधी 'श्री.' छापलंय. आणि शीर्षकाच्या चित्रात एक सुटाबुटातला माणूस, हातात पिस्तूल. कथेत पिस्तूल नाही, सूट नाही, १९५६ च्या हरिपुरात असला बूट घालून कुणी चाललं असतं तर पहिल्यांदा त्यालाच धरलं असतं. मानधनाचा चेक बरोबर होता. संपादकांना माफ केलं.

आईंनी चष्मा लावून एका बैठकीत वाचली. सगळं माहीत असून. बायको चहा घेऊन बाहेर येते तिथं थांबल्या, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी आहे." मी नाही म्हटलं नाही.

आमच्या ह्यांनी रात्री वाचली आणि पंचा लाल का झाला ते शेवटपर्यंत ओळखलं नाही. आईंनी आठवडाभर पुरेल एवढं बोलून घेतलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दुकानात वहीपूजन. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर, पण पूजेला लाल कापडाची वही लागतेच. पहिल्या पानावर श्री काढला, हळदकुंकू वाहिलं.

घरी आले तर फोन. तासगाव तालुक्यातून एक आजीबाई. नंबर अंकाच्या कचेरीतून मिळवलेला. आधी "साहेब आहेत का?" मग मीच ती हे कळल्यावर पाच मिनिटं नुसतं हसणं. कथा आवडली. पुतण्यावर संशय आधीपासून होता. "पण एक चुकलंस बघ बाळ. छप्पन साली मुकादमाच्या घरात साबणाची वडी कुठली? आमच्यात धुणं राखेनं व्हायचं. साबण पाव्हण्यांपुरता."

मला घामच फुटला. राखेनं लाल होत नसेल तर पंचा नाही, फौजदार नाही, आणि बायकोचा तो एक प्रश्नही नाही.

राख आणायची कुठून? चूल जाऊन तीस वर्षं झाली. मग आठवलं, काल पहाटे अभ्यंगाला गच्चीवरचा बंब पेटवला होता. वर गेले. फटाक्यांच्या धुरात, मोबाइलच्या उजेडात, मूठभर राख वाटीत घेतली, पाणी घातलं, निवळू दिलं. स्वयंपाकघरातली हळद कपड्याला चोळून त्यात बुडवली.

झाला लाल. साबणापेक्षा जरा तपकिरी.

आई जिन्यात उभ्या होत्या. "राख ना? होणारच की. मला विचारायचंस."